काय झालं

डिसेंबर संपायच्या आत भरायचा असतो हा तक्ता:
किती मुलांच्या नावे किती पौंड आले,
कशावर गेले,
आणि त्यामुळे काय झालं.

'काय झालं' हा रकाना सर्वांत अरुंद.

मी ग्लेनिस. विदर्नसीच्या शाळेत, ऑफिसात,
एकवीस वर्षं झाली.
इथे समुद्र दरसाल थोडा थोडा कडा खातो,
त्याच्याकडे कुणी पावती मागत नाही.
मला टोस्टचीसुद्धा जपून ठेवावी लागते.

तर, टोस्ट.
पावणेआठला हॉल उघडतो, बाहेर अजून अंधार.
मी लिहिते: सकाळची न्याहारी. हजेरीत वाढ.
ऑर्सन फर्नीहो दोन तुकडे खातो
आणि तिसरा मोज्यात सरकवतो बहिणीसाठी
(खिसा फाटका आहे),
हे कुठे लिहू?
मोजा स्वच्छ असतो, एवढं सांगते.
कारण बॉयलरच्या खोलीत आता कपडे धुण्याचं मशीन आहे,
त्याच पैशातलं.
हेडबाई ऑल्ड्रॉइड म्हणाल्या, याला तक्त्यात म्हणायचं काय?
म्हटलं, लिहा: शिकण्यातले अडथळे दूर करणे.
तो अडथळा चाळीस अंशांवर गरगर फिरतो,
मधेच धडधडतो, मग थांबतो.
शुक्रवारी त्यात सात स्वेटर असतात,
सोमवारी सात मुलांच्या शेजारी
कुणीतरी बसतं.

लीड्सहून तपासणीला आलेले गृहस्थ म्हणाले, पुरावा?
मी मशीनचं दार उघडून दाखवलं.
त्यांनी वाकून आत पाहिलं. सभ्य माणूस होता.
वहीत काहीतरी लिहिलं, काय ते कळलं नाही.

पैसा डोईमागे येतो.
पण आधी ती डोई कागदावर यावी लागते,
आणि कागदावर आईची सही.
टॅम्सिन रोबकच्या आईने तीनदा फॉर्म परत पाठवला,
कोरा, नीट घडी घालून.
चौथ्यांदा मीच घेऊन गेले,
सीझन संपलेल्या कॅराव्हॅन पार्कात,
तिथे ती एकोणिसाव्या नंबरच्या गाडीतली गादी झाडत होती.
म्हणाली, आम्ही त्यातले नाही.
मी म्हटलं, बरोबर आहे.
मग दोघी गप्प. वाऱ्याने दार आपटत होतं.

सांगणार नव्हते, पण सांगून टाकलं:
माझं जेवणाचं तिकीट पिवळं असायचं.
इतरांचं निळं.
रांगेत मी ते मुठीत इतकं दाबायची
की बाईंना उलगडून वाचावं लागे,
आणि तेवढ्यात मागच्या सगळ्यांना रंग दिसे.
आता तिकीट नसतं, ब्रायनी. रंगही नसतो.
फक्त माझ्या कॉम्प्युटरवर एक खूण,
ती मी कुणाला दाखवत नाही.

तिने बादली उलटी केली, तिच्यावर फॉर्म ठेवला.
सही केली. एक अक्षर ओलं होऊन पसरलं.
झेरॉक्समध्ये तो डागही आला आहे.

नियम असा की एकदा नाव लागलं
की सहा वर्षं राहतं,
मधे घरचं बरं झालं तरी.
सहा वर्षं सरकार विसरत नाही.
मी हिशेब केला: माझ्या पिवळ्या तिकिटाला
सत्तेचाळीस झाली.

टॅम्सिनच्या वाट्यातून आठवड्याला दोन तास वाचन,
हल संग्रहालयाची सहल,
आणि दुसरा चष्मा, शाळेतच ठेवायचा,
पहिला घरी सोफ्याखाली सापडेपर्यंत.

आज एकतीस तारीख. शाळेत मी आणि हीटर.
शेवटच्या रकान्यात लिहिलं:
टॅम्सिनने चष्मा लावला, फळ्याकडे पाहिलं
आणि मोठ्याने हसली.
फळ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं, सतराचा पाढा होता.

वाचलं. पुन्हा वाचलं.
रकान्यात मावत नव्हतं.
खोडलं, आणि टक्के लिहिले.